घाई समितीची, भुर्दंड दोघांना



गेल्या महिन्यात आमच्या शाखेच्या कार्यालयात एक ट्रॅकमन सभासद आले. मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वर्गातील मुलीने छेडछाडीची लेखी तक्रार केली आणि आठ दिवसांत मुलाला कॉलेजातून काढल्याचे पत्र घरी आले. "दादा, युनियनच्या लेटरहेडवर प्रिन्सिपलना पत्र द्या, प्रकरण मिटवा," म्हणाले. शेजारी पोस्टाच्या संघटनेच्या ताई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या मुलीचा बाप आपलाच सभासद असता तर?"

ताईंचा प्रश्न बरोबर होता. मिटवण्यासाठी पत्र मिळणार नाही, असे मी सांगितले. मग विचारले, मुलाला तक्रारीची प्रत मिळाली का? नाही. उत्तराला मुदत? एकदा बोलावले आणि सही घेतली.

हातात चार्जशीट न देता कुणाला घरी बसवले तर आपण गेट मीटिंग घेतो. कॉलेजांनाही यू.जी.सी.चे २०१५ चे नियम आहेत. तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे जाते. सात दिवसांत प्रत विरुद्ध बाजूला, दहा दिवसांत त्याचे साक्षीदारांच्या नावांसह उत्तर, ९० दिवसांत चौकशी पुरी. वकील कुणालाच नाही. नंतर अपिलाला ३० दिवस.

ही सगळी आरोपीला वाचवण्याची सोय, असे काहीजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. गोवा विद्यापीठात २००९ साली विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने मे महिन्यात एकामागून एक बैठका लावून चौकशी उरकली, २०१० मध्ये त्यांना बडतर्फ केले. १२ मे २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने, बचावाची पुरेशी संधी दिली नाही म्हणून, बडतर्फी रद्द केली आणि चौकशी ५ मे २००९ च्या टप्प्यापासून पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षे! त्या माणसाची नोकरीची वर्षे गेली, ती गेलीच. पण त्या मुली? त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगायला कोणत्या तोंडाने बोलवायचे? महिनाभर नीट ऐकून घेतले असते तर ही वेळ येती ना.

एक सवय मात्र आपल्याला सोडावी लागेल. डी.ए.आर. चौकशीत डिफेन्स हेल्पर म्हणून मी भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडला आहे, त्याचा अभिमानही बाळगला. एकोणीस वर्षांच्या मुलीपुढे ते चालणार नाही. प्रश्न लेखी द्यावेत, समितीने विचारावेत. प्रश्नच विचारायचे नाहीत, हे मात्र मला कबूल नाही.

त्या सभासदाला अर्ज मीच लिहून दिला, साध्या कागदावर, मुलाच्या सहीने. मुलगा निर्दोष आहे असे मी त्यात लिहिले नाही. मला ते ठाऊक नाही. तक्रारीची प्रत आणि उत्तराला दहा दिवस, एवढेच मागितले आहे.