घाण्याच्या ओव्या आणि हलणारा कॅमेरा

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात कपाट आवरताना एक जुनी कॅसेट हाती लागली. १९९८ साली आमच्या धाकट्या भाऊजींच्या हळदीला पुनावळ्याच्या जुन्या घरी घेतलेली. तेव्हा घराभोवती शेतं होती, दारात मांडव होता आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी हँडीकॅम आणला होता. आता तिथं मान वर करून बघाव्या लागतील अशा इमारती आहेत. कॅसेट दुकानात देऊन मोबाइलवर उतरवून घेतली आणि जेवणं उरकून सगळे बघायला बसलो.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घाणा भरताना ओव्या म्हणत होत्या. त्यांना जाऊन आता आठ वर्षं झाली. आणि चित्रात काय दिसावं? मांडवाचं छत, कुणाच्या तरी पातळाचा काठ, एकदम अंगावर आलेलं नाक, पुन्हा छत. आत्याबाईंचा चेहरा मोजून चार सेकंद! आवाज आहे, पण त्यावर टेबलफॅनची घरघर. कॅमेरा कुणाच्या हातात होता म्हणता? अहो, माझ्याच. घरातलं कुणी काही बोललं नाही, पण हे उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

तेव्हा माझं काय चुकलं ते सांगते. आता हातात मोबाइल असला तरी चुका त्याच असतात.

पहिली चूक झूमची. लांब उभं राहून चित्र जवळ ओढलं की हाताची बारीकशी थरथरसुद्धा तितक्याच पटीनं मोठी दिसते. त्यापेक्षा चार पावलं पुढं जावं. पाय खांद्याइतके फाकवून उभं राहावं, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवावीत. कॅमेरा असेल तर उजवा हात पट्ट्यात आणि डावा खालून आधाराला. मोबाइल असेल तर तो आडवा, दोन्ही हातांत. श्वास हळूहळू सोडत राहावा. जवळ खांब किंवा दाराची चौकट असेल तर पाठ टेकावी. मांडवात खांबांना काय तोटा!

त्याहून सोपी युक्ती आपल्या स्वयंपाकघरातलीच. जाड कापडाची वीतभर पिशवी शिवा, तिच्यात मसूर किंवा तूरडाळ पाऊण भरा. गच्च भरू नका. पाटावर किंवा खुर्चीच्या पाठीवर ती ठेवून वर कॅमेरा दाबून बसवला की तो हलत नाही.

कॅमेऱ्याच्या बुडाला एक आट्यांचं भोक असतं, ते पाव इंची बोल्टचं. आपल्याकडे घरटी कुणीतरी भोसरी-चाकणच्या कारखान्यात असतंच, त्यांना असा एक आखूड बोल्ट आणायला सांगा. सहा मिलिमीटरचा आणतील, तो नको. तो ढिला बसतो आणि आटे खराब करतो. बोल्ट हातानंच फिरवावा, अडला की थांबावं. त्याला सुतळी बांधून दुसरं टोक पायाखाली धरायचं आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताठ ठेवायची. वरखाली हलणं पुष्कळ कमी होतं. शेजारणी हसतील, हसू द्या.

आता दुसरी चूक, माझ्या मते खरी हीच. मला वाटलं, कॅमेरा फिरता ठेवला की सगळे येतील. सगळे आले, पण कुणीच धड दिसलं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवण्याआधी वाटाण्याच्या दाण्यातून रोप कसं वाढतं त्याची छोटी फिल्म घरीच केली होती. कुंडीपुढं कॅमेरा मांडून थोडं थोडं चित्र घेत गेले. हललं ते रोप, कॅमेरा नाही. सरस्वतीबाई तर रात्री जागून फिल्मला भोकं पाडून द्यायच्या. त्यांचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

तर एका माणसावर निदान दहा सेकंद थांबा. कुणी गात असेल, बोलत असेल, तर त्याचं संपेपर्यंत हलू नका. फिरवायचाच असेल तर पावलं जिथं थांबायचं तिकडे वळवून उभं राहा आणि कमरेतून सावकाश फिरा. पंखा, मिक्सर बंद. खिडकी आपल्या पाठीशी, नाहीतर चेहरा काळा येतो. आणि हळदीच्या तेलकट बोटांनी काच पुसू नका. जुन्या सुती साडीचा तुकडा जवळ असू द्या.

घरात जुन्या कॅसेटी असतील तर त्या लवकर उतरवून घ्या, दमट हवेत फितीला बुरशी धरते.

आत्याबाईंच्या निम्म्या ओव्या थोरल्या जाऊबाईंना येतात. लग्नाची वाट कशाला बघायची? येत्या रविवारी दुपारी त्यांना जात्यापाशी बसवणार आहे. डाळीची पिशवी शिवून तयार आहे.