त्रिनिदादच्या दोन भेटी आणि झाडीपट्टी

ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींत शाळा, कायदा आणि क्रिकेट यांबरोबर पाहण्याची एक रीतही मागे ठेवली. मराठी समीक्षा अद्याप त्याच रीतीने पाहते, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

त्रिनिदाद १७९७ पासून १९६२ पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात होते. १८४५ ते १९१७ या काळात तेथे हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांच्याच वंशातील व्ही. एस. नायपॉल लंडनहून या जन्मभूमीत परतले आणि ‘द मिडल पॅसेज’ (१९६२) मध्ये त्यांनी निर्वाळा दिला की, इतिहास कर्तृत्वाभोवती व निर्मितीभोवती घडतो आणि वेस्ट इंडीजमध्ये काही निर्माणच झालेले नाही. उलट, सेंट लुशिया बेटाचे डेरेक वॉलकॉट १९९२च्या नोबेल व्याख्यानात त्रिनिदादमधील फेलिसिटी या खेड्याच्या रामलीलेविषयी बोलताना स्वतःचाच दृष्टिदोष नोंदवतात : आपण जिला नाटक समजत होतो, ती करणाऱ्यांची श्रद्धा होती.

यांपैकी कोणती नजर आपण पत्करली? भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, नाटके रात्रभर चालतात. समीक्षेच्या लेखी मात्र दंडार ‘लोककला’ आणि झाडीबोलीतील लेखन ‘प्रादेशिक’. पुण्या-मुंबईचे लेखन जणू कोणत्याच प्रदेशाचे नसते! ‘पानी’ हा उच्चार पात्राच्या तोंडी आला तर अस्सल. निवेदनात आला तर अशुद्ध. ही फूटपट्टी नायपॉलांचीच आहे.

देशीवादाने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला, असे यावर सांगितले जाईल. भालचंद्र नेमाडे यांच्या विवेचनाने मराठीला इंग्रजीच्या दडपणापुढे उभे राहण्याचे बळ दिले, हे निर्विवाद. परंतु त्यांच्यामागून ‘देशी’ हा शब्द वापरणाऱ्यांनी प्रमाण मराठीचे बोलींवरील दडपण क्वचितच तपासले. गोंदियाच्या वर्गात पोवारी, गोंडी, छत्तीसगढी घरी बोलणारे विद्यार्थी बसतात. त्यांच्यापुढे ‘आपली परंपरा’ म्हणताना ‘आपली’ म्हणजे कोणाची, हे सांगावेच लागते. अन्यथा आपल्या घरची भाषा ही वाङ्मयाची भाषा नव्हे, एवढेच ते विद्यार्थी शिकून जातात.

दंडारीचा गौरव करा, अशी येथे मागणी नाही. गौरव हाही पाहुण्याचाच शिष्टाचार असतो. तिची रचना, तिची भाषा, तिचा प्रेक्षकाशी असलेला करार यांची कठोर चिकित्सा व्हावी, दोषही दाखवावेत. मात्र ते वाङ्मयाचे दोष म्हणून दाखवावेत, मागासलेपणाचे पुरावे म्हणून नव्हेत.