परीटघडीमागचे हात

भारताच्या संसदेने 1955 साली अस्पृश्यता (गुन्हे) कायदा केला. 1 जून 1955 पासून तो अमलात आला आणि 1976 च्या दुरुस्तीपासून आपण त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो. या कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'दुकान' या शब्दाची व्याख्या दिली आहे. माल विकला जातो ती जागा म्हणजे दुकान, एवढे सांगून कायदा थांबत नाही. त्यात लाँड्री आणि केस कापण्याचे सलूनही येते, हे तो नाव घेऊन सांगतो. देशात शेकडो धंदे असताना कायदा करणाऱ्यांना नेमके हे दोन का आठवले? आमच्या वाचकांना याचे उत्तर नव्याने द्यायला नको. न्हावी आमच्या डोक्याला हात लावत नव्हता आणि परीट आमच्या कपड्याला.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये साताऱ्यातील आपल्या बालपणाची आठवण लिहून ठेवली आहे. शहरात परीट होते, सुभेदार रामजींच्या खिशात धुलाईचे पैसेही होते. पण अस्पृश्याच्या घरचे कपडे कोणी घेत नव्हते. म्हणून ते बहिणी धूत, आणि भावंडांचे केस थोरली बहीण कापी. हा मुलगा पुढे संविधान सभेत मसुदा समितीचा अध्यक्ष म्हणून बसला. आज जे कलम 15 आहे त्यावर 29 नोव्हेंबर 1948 रोजी चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' हा शब्द आपण व्यापक अर्थाने वापरला आहे, सेवा देणारा माणूसही त्यात येतो, असा खुलासा त्यांनी केला. साताऱ्याच्या त्या घरातील बहिणींचे हात त्यांना त्या वेळी आठवले असतील काय, हे आम्ही सांगू शकत नाही. पण सात वर्षांनी कायद्यात लाँड्री हा शब्द आला.

आता परिटाला शिव्या घालून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. बाळंतिणीची लुगडी, विटाळाचे कपडे, सुतकातल्या घरची पांघरुणे त्यानेच उचलायची आणि त्याबद्दल सुगीला बलुते घ्यायचे. गावाचा विटाळ अंगावर घेणारा हा माणूस गावाच्या दृष्टीने हलकाच. तरीही त्याच्या खाली आम्ही होतो, आणि आमचा कपडा त्याच्या घाटावर दिसला असता तर पाटलाच्या वाड्यातले गाठोडे दुसऱ्या दिवशी बंद झाले असते. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती अशी धुण्याच्या दगडावरही होती. तामिळनाडूत तर याहून भयंकर. तिथे अस्पृश्यांचे कपडे धुणारी पुदिरै वण्णार ही स्वतंत्र जात ठेवली गेली आणि तिचे दर्शनही विटाळ मानले गेले. दिवसा त्यांनी कोणाच्या नजरेस पडायचे नाही, काम रात्री करायचे!

आज पुण्यात चित्र बदलले आहे, हे मान्य केले पाहिजे. दापोडी, येरवडा, ताडीवाला रोड, मंगळवार पेठ, कुठूनही माणूस येवो. लाँड्रीच्या फळीवर गाठोडे टाकले की पावती मिळते. कोणी जात विचारत नाही. हा कायद्याचा, चळवळीचा आणि थोडाफार शहराचाही विजय आहे. पण हा विजय फळीच्या अलीकडचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाजूचा. फळीच्या पलीकडे काय चालते, तिकडे आपण कधी डोकावलो आहोत काय?

कपडे घेणे आणि निवडणे हे हमालीचे काम आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. अर्धा तास लाँड्रीत उभे राहून पाहा. घेणारा आधी नग मोजतो. खिसे उलटे करतो. त्यात नोटा, किल्ल्या, पेन आणि कधी ब्लेडचे पातेही निघते. कॉलर, बाही, काखेचा भाग उजेडात धरतो. डाग, उसवण, निसटते बटण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दाखवून पावतीवर टिपतो, नाहीतर ते सगळे उद्या त्याच्या माथी येते. मग निवड: पांढरे सुती वेगळे, रंगीत वेगळे, रंग जाणारे त्याहून वेगळे, रेशीम, लोकर, जरीकाठ ड्रायक्लीनला. शंका आली तर आतल्या शिवणीला ओले फडके लावून रंग सुटतो का ते पाहायचे. खळ कशाला, नीळ कशाला, इस्त्री किती गरम, हे सगळे बोटांना कळावे लागते. पूर्वी खूण बिब्ब्याने करीत. बिब्ब्याच्या रसात चुना मिसळला की काळी खूण उमटे आणि ती भट्टीतही जात नसे. शेकडो घरांच्या खुणा परीट ध्यानात ठेवी. शाळेत न गेलेल्या माणसाची ही स्वतःची लिपी होती! तोच बिब्बा अंगावर उठून कातडीला फोड येत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर या खुणांनी चट्टे उठले, तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर लेख छापून आले. आयुष्यभर बिब्बा हाताळणाऱ्या परिटाच्या बोटांवर किती लेख आले असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता बिब्ब्याच्या जागी कागदी बिल्ला आला. धोका मात्र गेला नाही. गल्लीतल्या बहुतेक दुकानांत ड्रायक्लीनचे यंत्र नसते. कपडे गोळा होऊन मोठ्या प्लँटकडे जातात. या धंद्यात जगभर वापरले गेलेले परक्लोरोएथिलीन हे द्रव माणसात बहुधा कर्करोग निर्माण करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवले आहे. अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये नियम करून ड्रायक्लीनमधला त्याचा वापर दहा वर्षांत संपवायचे ठरवले. आपल्याकडे कामगाराला आपण कोणत्या द्रवात हात घालतो त्याचे नावही सांगितलेले नसते.

सर्वांत वाईट अवस्था आहे ती रुग्णालयांचे कपडे निवडणाऱ्यांची. पुणे हे दवाखान्यांचे शहर. रोज निघणाऱ्या रक्ता-पुवाच्या चादरी, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे, बाळंतपणाची फडकी कुठे जातात? मळका कपडा वॉर्डात झटकू नये, तिथे निवडू नये, गळणार नाही अशा पिशवीत बांधून न्यावा, निवडणाऱ्याने जाड हातमोजे आणि एप्रन घालावा, हे संसर्ग रोखण्याचे साधे नियम आहेत. पण कंत्राटदाराकडे चादरीच्या घडीतून सुई निघते आणि ती उघड्या हाताला टोचते, हे या कामातल्या माणसांकडून आम्ही ऐकले आहे. सुई टोचल्यावर कावीळ 'ब' आणि एचआयव्हीसाठी ताबडतोब उपचार सुरू व्हायला हवा, हे त्या हाताच्या मालकाला कोणी सांगत नाही. कारण तो हात कोणाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी बाळंतिणीचे लुगडे जातीने उचलायला लावले, आज कंत्राटाने. गावकुसाबाहेरची व्यवस्था इस्पितळाच्या तळघरात नेऊन ठेवली, एवढाच काय तो फरक!

कायदा काय करतो? धुणे आणि स्वच्छ करणे ही 'उत्पादन प्रक्रिया' आहे, असे 1948 च्या कारखाना कायद्यात होते. त्यामुळे विजेवर चालणाऱ्या लाँड्रीत दहा कामगार असले तरी ती कारखाना ठरू शकत होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तो आकडा वीस झाला आहे. पंधरा माणसांची भट्टी आता कारखाना नाही. म्हणजे कारखान्याची तपासणी कोणाची होणार आणि कोणाची सुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको. साहेबाचा कोट जळाला तर पैसे पगारातून कापतात. वेतन संहितेनुसार कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय अशी कपात करता येत नाही. ही गोष्ट तरी आमच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक लाँड्रीत जाऊन सांगावी.

आणखी एक मुद्दा. या भट्ट्यांवर मराठी परिटाच्या शेजारी उत्तर प्रदेशातून आलेला कनौजिया उभा असतो. गावी तो अनुसूचित जातीचा; महाराष्ट्रात परीट-धोबी इतर मागासवर्गात. सवलत राज्याची हद्द ओलांडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये स्पष्ट केले आहे. दोघांचे हात एकाच सोड्याच्या पाण्यात, दोघांची पिढीजात कहाणी एक, पण कागद वेगळे. परीट समाज महाराष्ट्रात अनुसूचित जातीची मागणी वर्षानुवर्षे करतो आहे. आपल्या ताटात वाटेकरी नको म्हणून त्या मागणीकडे नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. त्यांनी मागणीचा कायदेशीर निकष तपासावा, जरूर तपासावा. पण ज्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, ते परीट कुळात जन्मले होते, हे तरी विसरू नये. बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 ला गेले, गाडगेबाबा त्याच महिन्याच्या 20 तारखेला.

महाडला बाबासाहेबांनी आमच्या आयाबहिणींना स्वच्छ राहा, नीटनेटके नेसा, असे बजावले होते. आम्ही ते मनावर घेतले. 14 एप्रिल, वैशाख पौर्णिमा, 6 डिसेंबर आले की पुण्याच्या वस्त्यांतून पांढऱ्या साड्या आणि झब्ब्यांचे ढीग लाँड्रीत पडतात. सगळ्यांना परीटघडीचे पांढरे शुभ्र कपडे हवे असतात आणि तेही आदल्या संध्याकाळी! त्या रात्री भट्टीवाला झोपत नाही. आणि आपण? 'ए धोबी' अशी हाक मारतो आणि घडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. ज्यांच्या बापजाद्यांना 'ए' ऐकावे लागले, त्यांच्या तोंडी ही हाक शोभते काय?

तेव्हा येत्या जयंतीपासून मंडळांनी एवढे करावे. कपडे निदान चार दिवस आधी द्यावेत. खिसे घरी रिकामे करावेत. रक्ताचा डाग किंवा आजाऱ्याची चादर असेल तर वेगळ्या पिशवीत बांधून तसे सांगावे. सांगितलेला दर द्यावा. आणि ज्या मंडळांच्या वस्तीत रुग्णालयाचे कपडे धुणारी भट्टी आहे, त्यांनी तिथल्या कामगारांना कावीळ 'ब'ची लस टोचली आहे काय, एवढा प्रश्न महापालिकेच्या आरोग्य खात्याला लेखी विचारावा, आणि आलेले उत्तर आमच्याकडे पाठवावे. आम्ही ते याच जागी छापू.