पुढचा देश कोणता? आधी पासपोर्टला विचारा!

विशेष प्रतिनिधी

थायलंडच्या उत्तरेकडील चियांग माई शहरात एकाच टेबलावर दोन प्रोग्रॅमर लॅपटॉप उघडून बसले आहेत, अशी कल्पना करावी. एक जर्मनीचा, दुसरा पुण्याचा. दोघांचे काम सारखे, इंटरनेटचा वेग सारखा, कदाचित दोघांना पैसे देणारी अमेरिकी कंपनीही एकच. मुक्काम संपत आला की मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन तरुण पुढच्या देशाचे विमान तिकीट काढतो. पुण्याचा तरुण कॅलेंडर उघडून दिवस मोजू लागतो.

कोणत्याही एका कार्यालयाशी वा शहराशी बांधून न घेता, काही महिने या देशात तर काही महिने त्या देशात राहून इंटरनेटवरून काम करणाऱ्यांना 'डिजिटल नोमॅड' म्हणतात. मराठीत त्यांना लॅपटॉपवाले भटके म्हणायला हरकत नसावी. कोरोनाच्या साथीत पर्यटन ठप्प झाले आणि अनेक देशांची नजर या भटक्यांकडे वळली. २०२० च्या जुलैत बार्बाडोसने वर्षभर राहण्याची मुभा देणारा 'वेलकम स्टॅम्प' आणला, ऑगस्टमध्ये एस्टोनियाने खास व्हिसा सुरू केला, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत क्रोएशिया, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, पोर्तुगाल, स्पेन, दक्षिण कोरिया, जपान, थायलंड अशी रांगच लागली. त्यामागचा हिशेब साधा होता. हा पाहुणा कमाई बाहेरून आणतो, खर्च इथे करतो, स्थानिकांची नोकरी घेत नाही आणि पर्यटकापेक्षा कितीतरी जास्त काळ राहतो. असा पाहुणा कोणाला नको असेल?

हे दार सर्वांसाठी सारखे उघडलेले नाही, हे मात्र जाहिरातींतून कळत नाही. जपानचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २०२४ च्या मार्चअखेरीस जपानने सहा महिन्यांचा नोमॅड व्हिसा सुरू केला. वार्षिक उत्पन्न किमान एक कोटी येन, म्हणजे भारतीय चलनात ५५ ते ६० लाख रुपयांच्या आसपास हवे, ही अट सर्वत्र छापून आली. दुसरी अट मागे राहिली. अर्जदाराच्या देशाचा जपानशी करविषयक करार हवा आणि त्या देशाच्या नागरिकांना जपानमध्ये अल्पकालीन प्रवासासाठी व्हिसामाफीही हवी. भारताचा जपानशी करविषयक करार १९८९ पासून आहे, व्हिसामाफी नाही. त्यामुळे पुण्याच्या प्रोग्रॅमरची कमाई दोन कोटी येन असली तरी त्याला अर्जच करता येत नाही. जॉर्जियाचीही तीच गत. जर्मनीसह नव्वदहून अधिक देशांच्या नागरिकांना तिथे वर्षभर व्हिसाविना राहता येते, आणि म्हणूनच राजधानी तिबिलिसी हा या मंडळींचा लाडका मुक्काम ठरला. भारतीयाला तिथे आधी व्हिसा काढावा लागतो. अमेरिका, शेंगेन वगैरेंचा वैध व्हिसा हाती असेल तर सवलत मिळते. ज्याच्याकडे मोठ्या दाराची किल्ली आहे त्यालाच लहान दार उघडे, असा हा प्रकार आहे.

भारतीयांसाठी खऱ्या अर्थाने खुला असलेला पट्टा आग्नेय आशियाचा. थायलंडने २०२४ च्या जुलैत आणलेला 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा' पाच वर्षांचा आहे आणि प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस राहता येते. बँकेत पाच लाख बाथ, म्हणजे साधारण तेरा-चौदा लाख रुपये, आणि परदेशी कंपनीच्या वा ग्राहकांच्या कामाचा पुरावा दाखवावा लागतो. अर्ज थायलंडबाहेरूनच करायचा असतो. मलेशियाचा 'डीई रंताऊ' पास २०२२ च्या ऑक्टोबरपासून मिळू लागला. माहिती-तंत्रज्ञानातील लोकांसाठी वार्षिक २४ हजार डॉलरची अट असल्याने मध्यम पगाराच्या भारतीयाला सर्वांत जवळचा वाटावा असा तो आहे. इतर व्यवसायांसाठी अट ६० हजार डॉलरची. इंडोनेशियाही दूरस्थ काम करणाऱ्यांना वर्षभराचा व्हिसा देते, पण तिथे सर्वांनाच ६० हजार डॉलरचा दाखला लागतो. बालीत स्वस्तात राहता येते म्हणून जाणाऱ्याकडे तेवढी कमाई असतेच असे नाही. मग पर्यटक व्हिसावर जाऊन कोणाला न सांगता काम करण्याचा मोह होतो. हा मोह महाग पडू शकतो. मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची वा परत पाठवणी झाल्याची एकच नोंद पुरते. कारण अनेक देशांच्या अर्जांत 'यापूर्वी कोठून परत पाठवले गेले आहे काय', हा प्रश्न असतो आणि तो पुढे आयुष्यभर सोबत करतो.

युरोपचे गणित निराळे. शेंगेन करारातील २९ देश मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. पॅरिसहून प्रागला गेले म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के वाचून हे दिवस मोजले जात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या यंत्रणेत बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन संगणकच ही मोजणी करतो. शिक्का पुसट उमटल्याचा फायदा घेण्याचे दिवस त्यामुळे संपले. शिवाय हा व्हिसा पर्यटनाचा. त्यावर लॅपटॉप उघडून मायदेशीचे काम करणे कितपत नियमात बसते, याचे उत्तर देशागणिक बदलते.

खरी अडचण त्याहून साधी आणि त्याहून त्रासदायक आहे. शेंगेन व्हिसासाठी अर्ज सर्वसाधारणपणे जिथे आपण कायदेशीर रहिवासी आहोत तिथूनच करावा लागतो. चियांग माईत पर्यटक म्हणून आलेल्या पुणेकराने बँकॉकमधील युरोपीय वकिलातीत अर्ज नेऊन दिला, तर त्याला बहुधा भारतात जाण्याचा सल्ला मिळेल. म्हणजे पुढच्या देशाची वाट पुन्हा मुंबई-पुण्यातून. निर्णयाला नियमानुसार १५ दिवस, प्रसंगी ४५ दिवस लागतात आणि तेवढा काळ पासपोर्ट सहसा वकिलातीच्या ताब्यात असतो. पासपोर्ट हाती नाही म्हणजे भटका घरी. म्हणून जाणकार मंडळी सहा महिने आधीच, मुदत उघडताक्षणी अर्ज करतात. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतीयांसाठी नियम थोडे सैल केले, हे खरे. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमानुसार वापरले असतील तर दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. ९० दिवसांची मर्यादा मात्र जिथल्या तिथे आहे.

ती ओलांडायची तर पोर्तुगाल किंवा स्पेनचा नोमॅड व्हिसा हवा. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न लागते. २०२५ मध्ये हे वेतन ८७० युरो होते. म्हणजे ३,४८० युरो, साधारण साडेतीन लाख रुपये महिना. स्पेनची अट दुप्पट किमान वेतनाची, पण तिथले वेतन मुळात जास्त. डॉलरमध्ये बिल लावणाऱ्याला हे जमते. रुपयांत पगार घेणाऱ्या बहुतेकांना जमत नाही. (गोव्यात या प्रश्नाला एक वेगळेच उत्तर आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या जन्माची नोंद लिस्बनच्या दप्तरी करून अनेक गोमंतकीय कुटुंबांनी पोर्तुगीज पासपोर्ट मिळवला. पण तो घेताच भारतीय नागरिकत्व संपते, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही.)

व्हिसाचे जमले तरी कराचे उरतेच, आणि इथे भल्याभल्यांची गल्लत होते. थायलंड जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरतो आणि त्यात १८० दिवस राहणाऱ्याला कर-निवासी मानतो. २०२४ पासून अशा निवाशाने देशात आणलेल्या परदेशी उत्पन्नावर कर लागू शकतो. मलेशियाची मर्यादा १८२ दिवसांची. भारताचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणजे एकाच मुक्कामाचे दिवस दोन कॅलेंडरांत दोनदा मोजायचे. भारतात १८२ दिवस राहिल्यास निवासी, हे सर्वांना ठाऊक असते. परदेशी स्थायिक भारतीयाचे भारतातील उत्पन्न १५ लाखांवर गेले तर ही मर्यादा १२० दिवसांवर येऊ शकते, हे अनेकांच्या गावीही नसते.

त्यातूनही कोणी चतुराईने पाच महिने थायलंडमध्ये, पाच महिने मलेशियात आणि उरलेले दिवस घरी असे बेत आखून कोठेच निवासी न राहण्याची युक्ती काढली, तर तिचा बंदोबस्त २०२० च्या वित्त कायद्याने केला आहे. भारतीय नागरिकाचे भारतातील, किंवा भारतातून चालवलेल्या व्यवसायाचे, उत्पन्न १५ लाखांहून अधिक असेल आणि निवासाच्या आधारे तो अन्य कोणत्याही देशात करपात्र नसेल, तर त्याला भारताचा निवासी मानले जाते. त्या अर्थसंकल्पानंतर आखातातील नोकरदारांत मोठी खळबळ माजली होती आणि सरकारला खुलासा करावा लागला होता. त्यांचा आखातातील पगार अखेर या कचाट्यातून सुटला. पुण्यातून ग्राहक सांभाळणारा फ्रीलान्सर सुटेलच असे नाही.

नोकरदाराला तर याआधीचाच अडथळा पार करायचा असतो, तो म्हणजे स्वतःची कंपनी. कर्मचारी दीर्घकाळ दुसऱ्या देशात बसून काम करू लागला तर कंपनीची तिथे 'स्थायी आस्थापना' असल्याचा दावा तिथले करखाते करू शकते. ग्राहकांच्या माहितीची सुरक्षा हा आणखी एक मुद्दा. घरून काम करायला परवानगी देणाऱ्या कंपन्याही 'घर' या शब्दाचा अर्थ भारतापुरताच घेतात, तो यामुळेच. आणि नोमॅड व्हिसासाठी तर कंपनीचे लेखी पत्रच जोडावे लागते.

या भटक्यांची बाजू मांडणारे सध्या कोणी नाही. भारताने जर्मनीशी २०२२ मध्ये, ऑस्ट्रिया आणि इटलीशी २०२३ मध्ये स्थलांतरविषयक करार केले, पण त्यांत विचार आहे तो विद्यार्थ्यांचा आणि तिथल्या कंपनीत नोकरीला जाणाऱ्या कुशल कामगारांचा. भारतातील वा अमेरिकेतील कंपनीसाठी तिसऱ्याच देशातून काम करणारा माणूस या चौकटीत बसत नाही. जपानसारख्या देशाने व्हिसामाफीच्या यादीत भारताला घेतले, तर नोमॅड व्हिसासाठी वेगळी वाटाघाट करण्याची गरजही उरणार नाही. तोवर चियांग माईतील पुणेकराला पहिले तिकीट काढावे लागेल ते मुंबईचे.