जमीन कोणाची? रशियांतील यादवीचा निकाल

रशियांतील यादवी युद्धांत (१९१८–२२) बोल्शेविकांची तांबडी सेनाच कां जिंकली, असें विचारतांच ट्रॉट्स्कीचें संघटनाकौशल्य व बोल्शेविकांची कठोरता हीं दोन उत्तरें ठरलेलीं. तीं खोटीं नव्हेत. पण कठोरतेंत प्रतिपक्ष मुळींच मागें नव्हता. मॉस्को, कारखाने व तेथून चोहोंकडे फांकणारे लोहमार्ग तांबड्यांच्या हातीं, आणि त्यांचे विरोधक ‘पांढरे’ सैबेरियापासून काळ्या समुद्रापर्यंत कडेकडेनें विखुरलेले, हें कारण अधिक वजनदार. तथापि माझ्या मतें खरा निकाल खेड्यांत लागला.

सत्ता हातीं येतांच, ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं, लेनिनच्या सरकारनें जमीनदारांच्या जमिनी मोबदल्यावांचून काढून घेतल्या. खरें पाहतां शेतकऱ्यांनीं वांटप आधींच आरंभिलें होतें. फर्मानानें त्यावर शिक्का मारला इतकेंच. पांढऱ्यांचे सेनापति कोल्चाक व डेनिकिन यांनीं मात्र हा प्रश्न युद्ध संपेपर्यंत टांगून ठेविला. त्यांतच त्यांच्या फौजेमागोमाग जुना जमीनदार कित्येक गांवीं परतून खंड मागूं लागला. त्या जमिनींत ज्यानें नुकतीच पेरणी केली, त्यास याहून स्पष्ट उत्तर कोणतें हवें?

ऑक्टोबर १९१९ मध्यें डेनिकिनची फौज ओरेलला, म्हणजे मॉस्कोपासून सुमारें सव्वादोनशें मैलांवर, पोहोंचली. पण तिच्या पिछाडीस युक्रेनमध्यें माख्नोचे शेतकरी उठले होते. तांबड्या सेनेंतूनहि लाखों शिपाई पळत. परंतु जमीनदार येतो असें दिसतांच त्यांतील पुष्कळ परतले. ‘अखंड रशिया’च्या हट्टापायीं पोलंडसारखे शेजारीहि पांढऱ्यांस दुरावले, ही भर वेगळीच.

कोणी पालक म्हणतील, बोल्शेविकांनीं तर शेतकऱ्याचें धान्य बळानें नेलें! नेलें खरें, व त्यापायीं गांवोगांव त्यांचा द्वेषहि झाला. पण धान्य पुढल्या वर्षीं पुन्हा पिकेल, गेलेली जमीन परत मिळणार नाहीं, हा हिशेब शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको होता. दोन भयांतील लहान भय त्यानें पत्करिलें.

पांढऱ्यांचा अखेरचा सेनापति रँगेल यानें जून १९२० मध्यें जमिनीचा कायदा केला. तेव्हां त्याच्यापाशीं क्रायमिया व आसपासचा मुलूख एवढाच उरला होता. नोव्हेंबरांत त्याची फौज जहाजांवर चढली. इकडे जमीनदार परतण्याचें भय ओसरूं लागतांच त्याच वर्षीं तांबोव्हचे शेतकरी बोल्शेविकांवर उठले, आणि मार्च १९२१ मध्यें लेनिनला धान्याची जप्ती सोडून ठराविक कर बसवावा लागला.