तीन दिवसांचे मंत्रिपद



डॉक्टरकी करता करता राज्याचा प्रमुख झालेला माणूस आपल्या नागपुरात होऊन गेला, हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. त्यांचे नाव डॉ. नारायण भास्कर खरे. लाहोरला वैद्यकी शिकून ते नागपुरात नावारूपास आले, काँग्रेसचे पुढारी बनले आणि जुलै १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री झाले. त्या काळी या पदाला पंतप्रधान म्हणत.

पुणे कराराने आपल्या प्रांतात अस्पृश्यांना २० राखीव जागा मिळाल्या होत्या. पण खऱ्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात अस्पृश्य मंत्री एकही नव्हता!

वर्षभरात मराठी आणि हिंदी भागांतील मंत्र्यांचे भांडण विकोपाला गेले. २० जुलै १९३८ रोजी खऱ्यांनी राजीनामा दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता राजीनामा देईनात, तेव्हा गव्हर्नरने त्यांना काढले. लगेच खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले आणि त्यात अस्पृश्य वर्गातील आमदार अग्निभोज यांना घेतले. काँग्रेसश्रेष्ठी खवळले. २३ तारखेला खऱ्यांना पद सोडावे लागले आणि अग्निभोजांचे मंत्रिपदही गेले. वर्ध्याच्या बैठकीत काँग्रेस कार्यकारिणीने खऱ्यांना दोषी ठरवले. त्यांच्या जागी शुक्ल आले.

बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात हे प्रकरण मुद्दाम नोंदवले आहे. अस्पृश्यांच्या मनात अशा आकांक्षा जागवल्याबद्दल गांधीजींनी आपल्याला दोष दिला, असे खरे जाहीर सभांतून सांगत. गांधीजींनी ते कधी नाकारले नाही, असे बाबासाहेब लिहितात.

म्हणून खरे आपले कैवारी ठरत नाहीत. कैवार होता तर पहिले अख्खे वर्ष काय केले? अडचणीत सापडल्यावरच त्यांना अग्निभोज आठवले, असे माझे मत. (आजही उमेदवारी वाटताना हेच चालते.) पुढे १९४३ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. मजूरमंत्री बाबासाहेबही तिथेच होते. नंतर खरे अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले आणि १९४९ साली हिंदु महासभेचे अध्यक्ष. ही वाट आपली नव्हे.

बाबासाहेबांचा तो ग्रंथ शासनाच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या नवव्या खंडात आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ती पाने काढावीत आणि घरच्यांना मराठीत समजावून सांगावीत.