रस्त्याचे लेकरू कोणाचे?



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आकुर्डी स्टेशनवर आम्ही लोणावळा लोकलची वाट पाहत होतो. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा खांद्यावर गोणी घेऊन पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वेचत होता. थोड्या थोड्या वेळाने तो मुठीतला रुमाल नाकाशी नेई. पंक्चर काढायच्या सोल्युशनचा वास आला, तेव्हा काय ते लक्षात आले. वडापाव दिला तर अर्धा खाल्ला, अर्धा खिशात ठेवला. नाव विचारले तर एक सांगितले, पाच मिनिटांनी दुसरेच. गाव विचारले तर म्हणाला, "घर नहीं है."

ह्यांच्या ओळखीच्या एकाचे भोसरीत छोटे वर्कशॉप आहे. फोन लावला तर तो म्हणाला, "पाठवून द्या, जेवेल-खाईल, काम शिकेल." आम्हाला वाटले, सवाबचे काम झाले. घरी शेजारच्या खालांना सांगितले. त्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "बेटा, त्याची आई त्याला शोधत असेल, तर तुम्ही त्याला सापडवलंत की दडवलंत?"

त्या रात्री मला ह. यूसुफ (अ.) यांचा किस्सा आठवत राहिला. विहिरीत पाण्यासाठी सोडलेल्या बादलीबरोबर मूल वर आले, तेव्हा काफिल्यातला माणूस आनंदला. पण त्या लोकांनी हे मूल कोणाचे, त्याचा बाप कुठे, हे विचारले नाही. मालासारखे लपवले आणि थोडक्या दिरहमांत विकून टाकले. इकडे ह. याकूब (अ.) यांचे डोळे रडून रडून गेले. मूल तर वाचले, पण बापापासून तुटले. दुसरीकडे ह. मूसा (अ.) यांची गोष्ट पाहा. नदीत सोडलेल्या बाळाच्या मागे बहीण काठाने चालत राहिली, नजर ठेवून राहिली, आणि शेवटी बाळ आईच्याच मांडीवर परत आले. रस्त्यावरच्या मुलाच्या बाबतीत आपण काफिला व्हायचे की बहीण, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात ही मुले का दिसतात, ते आपल्याला ठाऊकच आहे. इथे कारखाने आहेत, रोजगार आहे, रोज नवी बांधकामे आहेत. देशभरातून माणसे येतात. बाप हेल्पर, आई साइटवर, घर म्हणजे पत्र्याची खोली. बापाची दारू, मारहाण, सावत्रपणा, शाळेत नापास झाल्याची लाज, मोबाइलवरून झालेले भांडण, कोणत्याही कारणाने मूल एक दिवस रेल्वेत बसते. 2025 च्या फेब्रुवारीत कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामे आणि कारखाने महापालिकेने पाडले, तेव्हा तिथल्या कामावर जगणाऱ्या माणसांना दुसरीकडे जावे लागले. घर हलले की आधी तुटते ती मुलाची शाळा.

दुसऱ्या दिवशी खालांच्या सांगण्यावरून आम्ही 1098 ला फोन केला. मुलांसाठीची ही हेल्पलाइन 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रयत्नातून सुरू झाली. आता ती सरकार चालवते. फोन मोफत, दिवसरात्र चालू. माणसे आली, स्टेशनवर मुलाशी बसून बोलली आणि त्याला घेऊन गेली.

बाल न्याय कायदा 2015 सांगतो की असे मूल 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे हजर झाले पाहिजे. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत एक तरी स्त्री असते. मुलाला समितीपुढे कोणताही नागरिक नेऊ शकतो. पण हरवलेले किंवा टाकलेले मूल सापडूनही कळवले नाही, परस्पर घरात ठेवून घेतले किंवा कोणाला देऊन टाकले, तर तो गुन्हा ठरतो. 14 वर्षांखालच्या मुलाला गॅरेज, बेकरी, हॉटेल, वर्कशॉप कुठेही कामाला ठेवणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. म्हणजे ज्याला आम्ही सवाब समजत होतो, तो कायद्याने गुन्हा होता आणि मुलाचे नुकसानही.

पण समितीपुढे नेले की काम संपले असे नाही. लगेच घरी पोहोचवलेले मूल पुष्कळदा पुन्हा पळते, कारण ज्या कारणाने ते निघाले ते कारण घरात तसेच असते. ठाण्याच्या समतोल फाउंडेशनचे विजय जाधव आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे मुंबई-ठाण्याच्या स्टेशनांवर अशी मुले शोधतात. कल्याण तालुक्यातल्या मामनोलीच्या त्यांच्या मनपरिवर्तन केंद्रात मुलांना सुमारे दीड महिना ठेवतात. वेळेवर उठणे, जेवणे, खेळणे, कोणावर तरी विश्वास ठेवणे, हे मूल तिथे नव्याने शिकते. व्यसन सुटायला आणि खरे नाव ओठांवर यायला दिवस लागतात. मग घरच्यांशी बोलून मुलाला परत पाठवतात.

घरची गरिबी हेच कारण असेल तर मुलाला संस्थेत ठेवण्यापेक्षा घराला आधार देणे बरे. महाराष्ट्राच्या बाल संगोपन योजनेत अशा मुलासाठी महिन्याला 2,250 रुपये मिळतात. आपल्या मोहल्ल्यातल्या किती बेवांना हे माहीत आहे?

शाळेचेही तसेच. शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचे आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला खास शिकवणी द्यायची आहे. जन्मदाखला नाही, दाखला नाही, वर्ष अर्धे गेले, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांची डोअर स्टेप स्कूल ही संस्था 1988 साली मुंबईत सुरू झाली आणि 1993 पासून पुण्यात आहे. ती बांधकामांच्या साइटवर वर्ग चालवते, बसमध्ये शाळा भरवते. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा धडा आपल्या मशिदी आणि मदरसेही घेऊ शकतात.

एक गोष्ट मन घट्ट करून लिहिते. मे 2023 मध्ये दानापूर-पुणे गाडीतून मदरशांत शिकायला निघालेली बिहारची 59 मुले भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा नोंदला, त्यांना तुरुंगात राहावे लागले. मार्च 2024 मध्ये तपासाअंती तस्करीचा प्रकार नव्हता म्हणून प्रकरण बंद झाले. तोवर त्या मुलांनी आणि त्यांच्या आई-बापांनी काय सोसले असेल, अल्लाह जाणतो. ही घटना सांगून कोणी 1098 पासून लांब राहा म्हणेल. मी उलट म्हणते. आपल्या संस्थांत राहणाऱ्या प्रत्येक मुलाचे आई-वडिलांचे लेखी संमतिपत्र, ओळखपत्र, गावातल्या शाळेचा कागद, घरचा फोन नंबर, सगळे सोबत असू द्या. नेक काम कागदावरही नेक दिसले पाहिजे.

जकातीच्या आठ हक्कदारांत एक आहे इब्नुस्सबील. आपण त्याचा अर्थ मुसाफिर असा घेतो. शब्दशः अर्थ आहे, रस्त्याचा पुत्र. रस्त्यावरच्या मुलासाठी जकात कशी द्यावी हे आपल्या आलिमांना जरूर विचारा. पण ह. उमर (रजि.) यांचे उदाहरण समोर आहे. एका माणसाने रस्त्यात टाकलेले मूल उचलून आणले, तेव्हा त्यांनी ते स्वतंत्र आहे असे जाहीर केले आणि त्याचा खर्च बैतुलमालवर घेतला. कुरआनने तर पाळलेल्या मुलालाही त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारायला सांगितले आहे. मुलाचे नाते पुसून केलेले उपकार इस्लामला मान्य नाहीत.

तेव्हा भगिनींनो, रस्त्यात असे मूल दिसले तर पैसे देऊन पुढे जाऊ नका. दोन शब्द बोला, खायला द्या, फोटो काढून पसरवू नका आणि 1098 लावा. फोन केल्यावर कोणी येईपर्यंत जवळच थांबा.

आमच्या त्या मुलाचे खरे नाव आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. ते कळायची गरजही नव्हती. काही आठवड्यांनी विचारले तेव्हा एवढेच सांगितले गेले, "घर मिळाले. आई येऊन घेऊन गेली." खालांना सांगितले तर त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह. आता त्याला शाळेत घातलं का, ते विचार."